यादीतले सावंत किती?

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, काळाचौकीपासून प्रभादेवी-वरळीपर्यंतच्या पट्ट्यात, आता गिरणीचा भोंगा वाजत नाही. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. यंत्रे भंगारात गेली, चिमण्या पाडल्या गेल्या. पण कागद राहिले. हजेरीची मस्टरे, रजेची रजिस्टरे, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे. कधीकाळी टाइमकीपरच्या खोलीत धूळ खाणाऱ्या या कागदांना आज मोल आले आहे, कारण एखाद्या कुटुंबाला मुंबईत घर मिळणार की नाही हे त्यांवर ठरते.

त्यामागची हकिगत थोडक्यात अशी. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग घरबांधणीसाठी म्हाडाकडे यावा अशी तरतूद केली, आणि पुढे त्यात गिरणी कामगारांच्या घरांना जागा मिळाली. (गंमत म्हणजे या योजनेत मोजल्या जाणाऱ्या गिरण्याही ५८ च आहेत. दोन वेगळ्या गोष्टींना योगायोगाने एकच आकडा लाभला की कुठल्यातरी टिपणात त्यांची सरमिसळ होणार, हे आपण धरून चालावे.) १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा तो हयात नसल्यास त्याचा वारस, अर्ज करू शकतो. अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख कामगारांची पात्रता ठरवण्यासाठी खास मोहीम सुरू केली. त्यात पुरावा म्हणून चालणारे कागद होते तिकीट क्रमांकाची प्रत, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, हजेरीपत्र, रजेच्या रजिस्टरचा उतारा, उपदानाचा आदेश, राज्य विमा योजनेचा क्रमांक, पगाराची पावती आणि असेच आणखी काही.

दीड लाख माणसे, प्रत्येकाचे वेगवेगळ्या कचेऱ्यांनी वेगवेगळ्या काळी लिहिलेले दोन-चार कागद. हे सगळे एका यादीत आणायचे, आणि ती यादी अशी हवी की एक माणूस तीत एकदाच असेल, आणि जो असायला हवा तो गळालेला नसेल. ऐकायला सोपे वाटते. कोणतीही मोठी बँक, विमा कंपनी किंवा वीज कंपनी याच प्रश्नाशी रोज झगडत असते. तिच्याकडे कामगारांऐवजी ग्राहक असतात इतकेच. आणि शाळेतल्या ज्या शिक्षकांनी यू-डायस प्लसमधले नाव, जनरल रजिस्टरमधले नाव आणि आधारवरचे नाव जुळवण्यात दुपारी घालवल्या आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरजच नाही. या लेखात आपण पाहणार आहोत ते असे, की आज्ञावली लिहिता न येणाऱ्या माणसालाही संगणकावरच्या साध्या साधनांनी अशी यादी कशी तपासता येते, आणि ही साधने नेमकी कुठे फसवतात.

एका माणसाचे पाच कागद

एक कल्पित कामगार घेऊ. त्याचे नाव गणपत बाबू सावंत. मूळचा कणकवली तालुक्यातला, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला. गिरणीच्या मस्टरवर नुसते ‘गणपत बाबू’, कारण तिथे वडिलांचे नाव पुरेसे होते, आडनावाची जरुरी कुणाला भासली नाही. विम्याच्या कार्डावर ‘सावंत जी. बी.’, आडनाव आधी. निधीच्या उताऱ्यावर इंग्रजीत लिहिताना आडनावातल्या ‘व’साठी व्ही वापरला, आधार कार्डावर त्याच ‘व’साठी डब्ल्यू. रेशनकार्डावर मराठीत, पण ‘गणपत’चा ‘गणपती’ झालेला. पाच कागद, पाच नावे. यातले एकही खोटे नाही.

पत्त्याचेही तसेच. त्याच्या जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी आहे, नव्या कागदावर सिंधुदुर्ग. तपासणारा तरुण कारकून म्हणेल, जिल्हा जुळत नाही. पण सिंधुदुर्ग जिल्हा झालाच मुळी १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीतून वेगळा होऊन. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२. म्हणजे त्याआधी जेमतेम आठ महिने. तेव्हा कणकवली, मालवण, कुडाळकडच्या हजारो कामगारांच्या कागदांवर जुना जिल्हा असणे हे साहजिकच आहे. दोन नोंदी परस्परविरोधी दिसतात आणि दोन्ही आपापल्या तारखेला बरोबर असतात. नोंदीबरोबर ती कधीची हे लिहिले नसेल, तर ही गोष्ट कोणत्याच यंत्राला कळणार नाही.

गिरणीच्या नावातही घोटाळा आहे. इंडिया युनायटेड या नावाच्या एकूण सहा गिरण्या होत्या, क्रमांक एक ते सहा. पहिली पूर्वी जेकब ससून मिल म्हणून ओळखली जाई. दोन व तीन क्रमांकाच्या काळाचौकीला. दादरला चौपाटीशेजारी सहा क्रमांकाची. तिलाच लोक इंदू मिल म्हणत, आणि तिच्याच जागेवर आता डॉ. आंबेडकरांचे स्मारक होत आहे. आता अर्जातल्या गिरणीच्या रकान्यात कुणी ‘इंडिया युनायटेड’ एवढेच लिहिले, कुणी ‘इंदू मिल’, कुणी ‘युनायटेड नं. ६’, तर माणसाच्या दृष्टीने यातली दुसरी व तिसरी एकच आणि पहिली संदिग्ध. संगणकाच्या दृष्टीने तिन्ही वेगळ्या गिरण्या.

आणि तिकीट क्रमांक? तो तर एकेकाचा वेगळा असणार, असे वाटेल. तो वेगळा होता, पण एका गिरणीपुरता. ४७१३ क्रमांकाचे तिकीट एकाहून अधिक गिरण्यांत असू शकते. शिवाय बदली कामगार म्हणून लागलेल्याचा पास वेगळा आणि कायम झाल्यावरचे तिकीट वेगळे. म्हणून नुसता तिकीट क्रमांक ही ओळख होत नाही; गिरणी, खाते आणि तिकीट क्रमांक मिळून ओळख होते. इयत्ता आणि तुकडी न सांगता ‘हजेरी क्रमांक १२’ म्हटल्यासारखेच हे आहे.

आधी चूक शिरू न देणे

नोंदी शुद्ध करण्याच्या कामात सर्वांत स्वस्त पायरी पहिली असते: चूक मुळात शिरू न देणे. यासाठी साध्या स्प्रेडशीटमध्ये एक सोय असते. एखाद्या रकान्यात काय चालेल हे आपण आधी ठरवून देऊ शकतो. गिरणीच्या रकान्यात ५८ नावांची यादी लावली, की भरणाऱ्याला त्यातूनच निवडावे लागते, मनाने लिहिता येत नाही. जन्मसालाच्या रकान्यात १९०० च्या आधीचा किंवा १९७० च्या नंतरचा आकडा घातला तर यंत्र अडवते. यासाठी एक ओळही आज्ञावली लिहावी लागत नाही. मात्र यादी बनवणाऱ्याला इंदू मिल म्हणजे कोणती हे माहीत असावे लागते, आणि ते लालबागच्या चाळीत राहिलेल्या माणसाला संगणक अभियंत्यापेक्षा अधिक माहीत असते. आज्ञावलीविना चालणाऱ्या साधनांचे खरे मोल आम्हांला इथे दिसते. ज्याला नोंदींचा अर्थ कळतो त्याच्याच हातात दुरुस्तीचे हत्यार येते. मध्ये दुभाषा लागत नाही.

एका गोष्टीची मात्र खबरदारी घ्यावी लागते. यादीत ‘माहीत नाही’ आणि ‘इतर’ हे पर्यायही ठेवावेत. ते ठेवले नाहीत तर घाईतला माणूस यादीतले पहिले नाव टेकवून मोकळा होतो. रिकामी जागा निदान रिकामी दिसते. अशी भरलेली चुकीची जागा ओळखूच येत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच पेशातले आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पालकांना तारीख सांगता येत नाही, रकाना तर भरायचा आहे. गुरुजींनी १ जून लिहिले. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला सारखा वाटा दिला तर १००० मुलांमागे १ जूनची दोन-तीनच असायला हवीत. आपल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढून, नावे झाकून, नुसत्या तारखा मोजून पाहाव्यात. वरच्या वर्गातल्या मुलांना तारखांचा आलेख काढायला द्यावा. १ जूनपाशी उभा राहिलेला खांब हा त्या काळातल्या नोंदींच्या शुद्धतेचे माप आहे.

जनगणनेचे अभ्यासक असेच एक माप वापरतात. वय विचारले की लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे गोळाबेरीज सांगतात. म्हणून २३ ते ६२ वयाची सर्व माणसे मोजायची; त्यांपैकी ज्यांचे वय ० किंवा ५ ने संपते तेवढी वेगळी मोजायची; त्या संख्येला ५ ने गुणून एकूण संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे. वये खरी असतील तर उत्तर १०० च्या आसपास येते, कारण दहा अंकांपैकी दोनच अंक हे आहेत. प्रत्येकानेच गोळाबेरीज सांगितली तर ते ५०० येते. याला व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. एकही माणसाचे खरे वय ठाऊक नसताना सगळ्या यादीची विश्वासार्हता मोजता येते, ही यातली सुंदर गोष्ट.

दुसरा जुना उपाय म्हणजे एकच अर्ज दोन माणसांनी, एकमेकांचे न पाहता, दोनदा नोंदवणे आणि मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून जिथे फरक आहे त्या चौकटी रंगवणे. रंगवण्याचे काम स्प्रेडशीट आपोआप करते. प्रत्येकाची शंभरात एक चूक होत असेल, तर दोघांचीही एकाच चौकटीत चूक होण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण हा गुणाकार दोघांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. मस्टरवरचे अक्षरच ‘माने’ की ‘मोरे’ कळत नसेल, तर दोघेही तोच चुकीचा अंदाज करतील आणि चौकट रंगणार नाही.

क्रमांकांसाठी याहून चतुर युक्ती आहे. क्रमांकाच्या शेवटी एक तपासणी अंक जोडायचा. २००७ पूर्वी छापलेल्या पुस्तकांवरचा दहा अंकी क्रमांक या तत्त्वावर बेतलेला असे. तेच तत्त्व आपण आपल्या ४७१३ ला लावू. डावीकडून अंकांना ५, ४, ३, २ ने गुणू: २०, २८, ३, ६, बेरीज ५७. हिला ११ ने पूर्ण भाग जावा म्हणून ९ मिळवावे लागतात. म्हणून क्रमांक झाला ४७१३९. आता लिहिणाऱ्याने पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७४१३९ लिहिले, तर बेरीज ३५, १६, ३, ६ आणि ९ मिळून ६९. ११ ने भागल्यावर ३ उरतात. चूक पकडली गेली. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ही युक्ती ते नेहमीच पकडते. का, हे विद्यार्थ्यांनी सिद्ध करून पाहावे. ११ ही मूळ संख्या आहे एवढी खूण पुरे. (९ च्या जागी १० मिळवावे लागले तर काय, हा प्रश्न ते विचारतीलच. पुस्तकांवर अशा वेळी रोमन दहाचे चिन्ह छापत.) आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच तपासणी अंक आहे; त्यामागचे गणित जरा अवघड, व्हर्हूफ या डच गणितज्ञाचे.

पण या अंकाने इतकेच कळते की क्रमांक नीट उतरवला गेला आहे. तो याच माणसाचा आहे का, ते कळत नाही.

एकाचे दोन, की दोघांचा एक?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. यादी भरून झाली आहे आणि तीत एकच माणूस दोनदा आला आहे का ते शोधायचे आहे. प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहावे, हा सरळ मार्ग. दीड लाख नावांच्या जोड्या किती? दीड लाख गुणिले एकाने कमी दीड लाख, भागिले दोन. सुमारे ११२५ कोटी. सेकंदाला एक जोडी पाहणारा न झोपणारा कारकून बसवला तर त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागतील. म्हणून आधी गट पाडतात. फक्त एकाच गिरणीतली नावे एकमेकांशी ताडायची. ५८ गिरण्यांत नावे सारखी वाटली गेली असे मानले तर जोड्या उरतात सुमारे १९ कोटी ४० लाख. संगणकाला हे जमते. पण याची किंमत अशी, की ज्याच्या एका अर्जात गिरणीच चुकीची पडली आहे त्याचा दुसरा अर्ज आता कधीच सापडणार नाही. म्हणून गट एकदा गिरणीने, एकदा गावाने, एकदा जन्मसालाने असे पुन्हा पुन्हा पाडावे लागतात.

जोडी समोर आल्यावर नावे ‘सारखी’ आहेत हे कसे ठरवायचे? याचा एक गाजलेला उपाय संगणकाच्याही आधीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली साउंडेक्स नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे. पुढच्या व्यंजनांना उच्चारसाम्यानुसार अंक द्यायचे. स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे गाळायची. एकूण तीन अंक होतील इतकी शून्ये जोडायची. बी, एफ, पी, व्ही यांना १. डी व टी यांना ३. एम व एन यांना ५, अशी ती वाटणी आहे. १९३५ साली तिथे सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि वृद्धांना आपले वय सिद्ध करण्याची गरज पडली. जन्माचे दाखले नव्हते. होती ती १८८० व १९०० च्या जनगणनेची जुनी पत्रके. त्यांची सूची साउंडेक्सने कार्डांवर करण्यात आली. म्हाताऱ्या माणसाचा हक्क जुन्या कागदावरल्या नावाच्या स्पेलिंगवर लटकण्याची वेळ फक्त आपल्याकडेच आलेली नाही.

ही पद्धत आपल्या नावांवर चालवून पाहू. डब्ल्यू घालून लिहिलेला सावंत: एस ठेवला, डब्ल्यू गळाला, एनला ५, टीला ३; उत्तर एस ५३०. व्ही घालून लिहिलेला सावंत: व्हीला १, एनला ५, टीला ३, उत्तर एस १५३. एकाच आडनावाचे दोन वेगळे सांकेतिक क्रमांक. आता शिंदे घ्या: एस ठेवला, एच गळाला, एनला ५, डीला ३, उत्तर एस ५३०. म्हणजे साउंडेक्सच्या मते एक सावंत दुसऱ्या सावंताहून वेगळा आहे, पण शिंद्यांसारखा आहे! यात साउंडेक्सचा दोष नाही. ती इंग्रजी कानासाठी केलेली आहे. त्या कानाला व्ही आणि डब्ल्यू हे वेगळे आवाज आहेत, आपल्या ‘व’ला ते दोन्ही आहेत. पण आयत्या साधनात ‘सारखी नावे शोधा’ हे बटण दाबणाऱ्याला आत हे चालले आहे याचा पत्ता नसतो.

दुसरी पद्धत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे बदलावी, घालावी वा काढावी लागतात ते मोजायचे. दोन सावंतांमधले अंतर १, ठीक. पण इंग्रजी लिपीत राणे आणि माने यांच्यातलेही अंतर १ च आहे, आणि साने त्यांच्यापासून तितकेच दूर. लहान आडनावांना हे माप धोक्याचे.

तिसरी पद्धत अधिक साधी आणि बहुधा अधिक उपयोगी. ओपनरिफाइन नावाचे एक मोफत साधन आहे. २०१० मध्ये ते ग्रिडवर्क्स या नावाने आले, मग गूगलकडे गेले आणि २०१२ पासून ओपनरिफाइन या नावाने स्वयंसेवकांकडून चालवले जाते. ते आपल्याच संगणकावर चालते, माहिती बाहेर जात नाही; लोकांच्या कागदपत्रांचे काम करताना ही गोष्ट लहान नाही. ते नावातली विरामचिन्हे काढते, मोठी-लहान लिपी एक करते, शब्द सुटे करून वर्णक्रमाने लावते. त्यामुळे ‘सावंत, गणपत बाबू’ आणि ‘गणपत बाबू सावंत’ यांची खूण एकच होते, आणि अशा एका खुणेच्या नोंदींचे झुबके ते आपल्यापुढे मांडते. एकत्र करायचे की नाही हे आपण प्रत्येक झुबक्यासमोर खूण करून सांगायचे. यंत्राने सुचवावे आणि माणसाने ठरवावे, ही विभागणी आम्हांला योग्य वाटते.

मराठी नावांसाठी आपण स्वतःचा नियमही करू शकतो, आणि तोही नुसत्या ‘शोधा व बदला’ या आज्ञेने. मूळ रकान्याला हात न लावता शेजारी ‘तुलनेचे नाव’ असा नवा रकाना करायचा. त्यात सगळे डब्ल्यू व्ही करायचे, जोडअक्षरी दीर्घ स्वरांचे एकेरी करायचे. भोसले, भोंसले, चव्हाण यांच्या अनेक स्पेलिंगांमुळे मोह होतो की सगळे स्वरच गाळावेत. तसे केले की पाटील आणि पटेल एक होतात, काळे आणि कोळी एक होतात. नियम जितका सैल, तितके दुरावलेले भाऊ भेटतात आणि तितकेच परके घरात शिरतात.

नावे देवनागरीत असली म्हणजे सुटलो असेही नाही. ‘कऱ्हाडकर’ मधला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो, एक अक्षर म्हणून किंवा र आणि खालचा नुक्ता असे जोडून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. ‘ॲ’चेही तसेच.

आता आकडेमोड पुढे नेऊ. समजा आपली पद्धत इतकी चांगली आहे की वेगळ्या माणसांच्या लाख जोड्यांत फक्त एकदाच ती दोघांना चुकून एक म्हणते. लाखात एक चूक! पण जोड्या आहेत १९ कोटी ४० लाख. म्हणजे चुकून एक ठरलेल्या जोड्या सुमारे १,९४०. ‘दुबार नोंदी काढा’ हे बटण डोळे मिटून दाबले, तर इतक्या वेळा कुणाची तरी नोंद यादीतून पुसली जाईल, आणि ज्याची पुसली गेली त्याला ते कळणारही नाही. उलट चुकीचे परिणाम वेगळे. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहून गेल्या तर सोडतीत त्याला दोन संधी मिळतात. बाकी सर्वांची संधी किंचित घटते. हाही अन्यायच, पण तो पुढे कागद तपासताना उघड होऊ शकतो. पुसलेला माणूस मात्र कागद तपासण्याच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दोन्ही चुका एका तराजूत घालता येत नाहीत. जाहिरातीच्या पत्रकांसाठी ग्राहकांची यादी करणाऱ्या कंपनीला दुबार नोंद महाग पडते. घरांच्या यादीत गळालेली नोंद महाग पडते. साधन तेच, पण चाळणी किती बारीक लावायची ते काम पाहून ठरवायचे.

१९६९ साली कॅनडातील फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांनी या विचाराला गणिताचे रूप दिले. त्यांच्या मांडणीत प्रत्येक जुळणीला वजन असते. गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके ती जुळण्याला वजन अधिक. दोन नोंदींत ‘पाटील’ जुळले तर फारसे काही सिद्ध होत नाही; क्वचित आढळणारे आडनाव जुळले तर बरेच होते. जन्मतारीख १७ ऑक्टोबर जुळली तर तो योगायोग असण्याची शक्यता साधारण ३६५ त एक. १ जून जुळली, आणि यादीत दहातल्या एकाची तारीख १ जून असेल, तर दहात एक. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली तारीख आज दोन माणसांना वेगळे ओळखण्याची संगणकाची शक्ती छत्तीस पटींनी कमी करते. सर्व रकान्यांची वजने मिळवून बेरीज मोठी आली तर ‘एकच’, लहान आली तर ‘वेगळे’, आणि मधल्या पट्ट्यात आली तर निर्णय माणसाकडे. हा मधला पट्टा मुद्दाम ठेवायचा असतो.

साधनाच्या खोड्या

स्प्रेडशीटच्या काही खोड्याही माहीत असाव्यात. ००४७ हा तिकीट क्रमांक तिला संख्या वाटतो आणि ती त्याचे ४७ करून टाकते. ३-१२ असे खाते-क्रमांक लिहिले तर तिला ती तारीख वाटते. जनुकांना ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा धाटणीची संक्षिप्त नावे होती. स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करी. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या, आणि शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर मोजणीतून सुटल्या, कारण जुन्या पद्धतीच्या फाइलीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नव्हत्या आणि उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या. क्रमांकाचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला, आणि एका फाइलीतून दुसरीत नेताना आधीच्या व नंतरच्या ओळी मोजल्या, तर यातले बरेच टळते. ओळी मोजायला अर्धे मिनिट लागते.

याखेरीज तीन रकाने अशा प्रत्येक यादीत आम्ही मागू. नोंद कोणत्या कागदावरून घेतली. कोणी व कोणत्या तारखेला घेतली. आणि दोन नोंदी एक केल्या असतील तर कशावरून केल्या. एक केलेल्या नोंदीतली मूळ ओळ पुसायची नाही. तिच्यापुढे ‘अमुक ओळीत विलीन’ असे लिहून ती तशीच ठेवायची. ओपनरिफाइन आपण केलेल्या प्रत्येक बदलाची जंत्री स्वतःहून ठेवते आणि मागे जाता येते. साध्या स्प्रेडशीटमध्ये ही शिस्त हाताने पाळावी लागते. मग उद्या गावाकडून एखादी बाई नवऱ्याचा लाल पास घेऊन आली आणि म्हणाली की आमचे नाव यादीत नाही, तर टेबलामागच्या माणसाला ती ओळ काढून दाखवता येते: कोणत्या सावंतात, कोणत्या दिवशी, कोणी आणि कशावरून मिळवली होती. पासावरचा तिकीट क्रमांक वेगळा असेल, तर ती ओळ तिथल्या तिथे पुन्हा सुटी करता येते.